स्वेटरच्या बाहीखालचं घड्याळ

पत्र

«ताई, आम्ही साताऱ्याचे. घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि मी. मिस्टर नोकरीसाठी पुण्यात असतात, शनिवारी येतात. आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वय ६८. आयुष्यभर एसटीत चालक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून पहाटे साडेपाचला ते अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागतात.

दिवाळीत मिस्टरांनी त्यांना स्मार्टवॉच आणलं. तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं छान चाललं. मग थंडी पडली, आबांनी कपाटातून स्वेटर बाहेर काढला आणि तेव्हापासून रोज काहीतरी नवीन. बाहीच्या आत दिसत नाही म्हणून ते घड्याळ स्वेटरच्या वरून बांधतात. मग ठोके कधी दिसतच नाहीत, कधी एकदम ४१ दाखवतं. आत घातलं, तर गड चढताना ९४ आणि उतरताना १२८! गेल्या मंगळवारी बाहीत कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि पुण्यात मिस्टरांना मदतीचा मेसेज गेला. ते मला फोन करतायत, मी आबांना करतेय, आणि आबा मंगळाईच्या देवळापाशी निवांत बसलेले.

मिस्टर म्हणतात, घड्याळ बदलून आणतो. आबा म्हणतात, हे परत कर. मी जन्मभर चावीचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घातलं, माझं काही अडलं नाही. सासूबाई म्हणतात, थंडीत चालणंच बंद करा. मी कुणाचं ऐकू?
– एक सून, सातारा»

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घड्याळ बिघडलेलं नाही, तेव्हा परतही करू नका आणि बदलूनही आणू नका. आबांच्या त्या ‘आतल्या बाजूला’मध्ये तुमचं निम्मं उत्तर आहे. आणि सासूबाईंच्या बोलण्यातही एक गोष्ट अशी आहे की ती तुम्ही सगळ्यांनी मनावर घ्यायला हवी.

आज रात्री दिवा मालवून ते घड्याळ उलटं धरून बघा. ठोके मोजायचा पर्याय सुरू केलात की पाठीमागे हिरवा उजेड लुकलुकताना दिसेल. घड्याळाला नाडी ‘ऐकू’ येत नसते. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि त्यातला किती परत आला ते मोजतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं, तेवढा प्रकाश कमी परततो. हा चढउतार मोजून घड्याळ आकडा दाखवतं. म्हणजे त्याला तीन गोष्टी लागतात: कातडीला नीट टेकणं, बाहेरचा उजेड आत न येणं, आणि कातडीखाली पुरेसं रक्त खेळतं असणं. थंडीत आणि स्वेटरात नेमक्या या तिन्हींची पंचाईत होते.

स्वेटरवरून बांधलेल्या घड्याळाला दिसते ती लोकर. तरीही ते दरवेळी गप्प बसत नाही, आणि हेच तुमच्या घरी कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ही घड्याळं प्रकाशातला कुठलाही थरथराट नाडी समजून आकडा काढून दाखवू शकतात. उशीवर किंवा कापडाच्या गुंडाळीवर बांधलं, तरी कधीकधी ठोके दाखवतात. आबांच्या स्वेटरवर आलेला तो ४१ हृदयाचा नव्हताच. त्या आकड्यापायी तुम्ही दोघांनी जी रात्र काळजीत काढली असेल, ती आता विसरून जा.

वरून बांधण्यात दुसराही एक तोटा आहे आणि तो मला जास्त मोठा वाटतो. पडल्यावर आपणहून मदत मागणारी जी घड्याळं असतात, त्यांतली काही आपण मनगटावर आहोत अशी खात्री असेल तरच हे काम करतात. कातडी लागली नाही की त्यांना वाटतं, आपण टेबलावर काढून ठेवलेले आहोत. काही तर स्वतःला कुलूपच लावून घेतात. म्हणजे अंधारात गडाच्या रस्त्यावर पाय घसरला, तर ज्यासाठी ते घड्याळ आणलं तेच काम होणार नाही. तुमच्या घड्याळात ही सोय आहे का, हे शनिवारी मिस्टरांना सेटिंगमध्ये बघायला सांगा.

आता चढताना ९४ आणि उतरताना १२८. हे वाचून तुमचे मिस्टर घाबरले असतील, पण मला हायसं वाटलं, कारण हा उलटा हिशोब ओळखीचा आहे. चढाला दम लागतो, उताराला नाही. मग ठोके उताराला का वाढावेत? वाढले नसणार. गार हवेत शरीर हातापायांच्या कातडीतलं रक्त आत ओढून घेतं, पोटातली ऊब टिकावी म्हणून. मनगटाच्या कातडीखालच्या वाहिन्या आकसतात आणि घड्याळाला मिळणारा नाडीचा इशारा क्षीण होतो. त्याच वेळी आबा उतारावर भराभर पावलं टाकतात, दर पावलाला हात हिंदकळतो, सैल पट्ट्यातलं घड्याळ कातडीवर आपटतं. हा धक्का नाडीपेक्षा ठळक असतो. घड्याळ त्याच्याच मागे जातं आणि पावलं मोजून त्यांनाच ठोके म्हणतं. भरभर चालणाऱ्या माणसाची पावलं मिनिटाला १२०-१३० च्या घरात असतात. आबांचे १२८ त्यांच्या बुटांचे होते असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

हे मी स्वतः अनुभवलंय. गेल्या पौषात यवतेश्वरच्या घाटात सकाळी चालत होते. वारा असा की कानटोपीतून कान दुखत होते. मजेत गप्पा मारत चाललेली मी, आणि घड्याळ १२६ वर अडकून बसलेलं. कठड्याशी थांबले, हातमोजा काढला, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवली आणि अर्धं मिनिट मोजलं: ४७. म्हणजे ९४. बोटं इतकी गार की स्वतःच्या मनगटाला चटका बसावा तशी लागली. हात काखेत धरून उभी राहिले, तीन-चार मिनिटांत घड्याळही नव्वदीवर आलं. त्या दिवसापासून घड्याळाच्या आकड्याआधी मी मनगट गरम आहे की गार ते बघते.

आबांना ही बोटांनी नाडी मोजायची पद्धत शिकवा, खरंच शिकवा. मनगट उताणं, अंगठ्याच्या मुळाखाली हाडाच्या आतल्या बाजूला तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका; अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. ज्या माणसाने घाटात आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलं असेल, त्याला हे दोन दिवसांत जमेल. घड्याळाचा आकडा विचित्र वाटला की आबांनी थांबायचं, बोटांनी मोजायचं आणि बोटांचा आकडा धरायचा. मिस्टरांनाही हाच नियम सांगा. पुण्यात बसून मोबाइलवर दिसलेल्या आकड्यावरून फोन करायचा नाही.

आता घालायचं कसं. घड्याळ कातडीवर, त्याच्या वर सदऱ्याची सुती बाही, त्याच्या वर स्वेटर. बाहीखाली राहिल्याने मनगट उबदार राहतं, उजेड आत शिरत नाही, म्हणजे स्वेटर शत्रू नाहीच, उलट घड्याळाच्या सोयीचा आहे. मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर मात्र नको, तिथे ते कलतं. हाडापासून कोपराच्या दिशेने एक-दोन बोटं वर घ्या. चालताना पट्टा एक भोक घट्ट, घरी आलं की पुन्हा सैल. घट्ट म्हणजे रक्त अडेल इतकं नव्हे. हात हलवल्यावर घड्याळ जागचं सरकू नये, एवढंच. पारख सोपी आहे. पहाटे अंगणात अंधारातच हात समोर धरा. कडेने हिरवा उजेड झिरपताना दिसला, तर पट्टा सैल आहे किंवा घड्याळ कललंय.

आणि आबांना सांगा, चावीच्या घड्याळासारखं हेही मनगटाच्या आतल्या बाजूला घालून बघा. तिथे केस नसतात, कातडी मऊ असते, बऱ्याच जणांना तिथे आकडाही नीट मिळतो. स्टिअरिंगवरचा हात न उचलता वेळ बघायची त्यांची सवय चाळीस वर्षांची असेल, ती मोडायला लावू नका. बाही दोन बोटं मागे सारली की पडदा समोर. दोन्ही बाजूंनी चार-चार दिवस घालून, बोटांच्या मोजणीशी ताडून, जे जुळेल ते ठेवा. आतल्या बाजूला घातल्यावर हात वर केला की पडदा उजळण्याची सोय नीट चालणार नाही. तेव्हा बटणाने उजळायची सवय लावा.

बटण दाबलं जाण्याची भानगड स्वेटरच्या काठामुळे होते. विणीचा तो ताणला जाणारा काठ बरोबर बटणांवर चढतो. आबांनी हात मागे बांधले किंवा कठड्यावर टेकले की मनगट वाकतं आणि बटण दाबलेलंच राहतं. बटण दाबून धरलं की मदतीची हाक जाते, अशीच त्याची रचना आहे. ही सोय बंद करायचा मोह होईल. हृदयाचं दुखणं झालेल्या माणसाच्या घड्याळात ती बंद करू नका. त्याऐवजी घड्याळ दुसऱ्या हातात घालून बघा, म्हणजे बटणं पंजाकडून कोपराकडे जातील. काही घड्याळांत, कुठल्या हातात घातलंय आणि बटण कुठल्या बाजूला आहे, हे सेटिंगमध्ये सांगता येतं. मग आकडे उलटे दिसत नाहीत. काचेला बाही घासून आपोआप काहीबाही उघडत असेल, तर पोहताना काचेचा स्पर्श बंद करण्यासाठी पाण्याच्या थेंबाचं चिन्ह असतं, ते चालण्याआधी लावा. बटणं चालू राहतात, काच तेवढी झोपते.

सगळ्यात चांगला उपाय मात्र सासूबाईंच्या हातात आहे. त्यांना विणकाम येत असेल तर त्या बाहीचा काठ मनगटाच्या आतल्या बाजूने चार बोटं उसवून कडा गोट घालून बंद करायला सांगा. सदऱ्याच्या कफला असते तशी फट. घड्याळ आत राहील, ऊब जाणार नाही, आणि बघायचं तेव्हा फट बाजूला केली की झालं. येत नसेल तर कुठलाही शिंपी हे करून देईल. एक जुना स्वेटर यासाठीच ठेवा. घरात जी व्यक्ती या घड्याळावर रागावलेली आहे, तिचा हात त्याला लागला तर तिचाही राग निवळेल.

हातमोज्यांनी काच चालत नाही. लोकरीतून बोटाची वीज काचेपर्यंत पोचत नाही, आणि या काचा बोटाच्या सूक्ष्म विजेवरच चालतात. बोटांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेले हातमोजे मिळतात, पण आबांना बटण पुरेसं आहे.

बॅटरीची काळजी सोडा. थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या मंदावतात हे खरं, पण ती थंडी निराळी. ॲपल आपल्या साध्या घड्याळांसाठी शून्य ते ३५ अंश अशी हवेची मर्यादा सांगतं. साताऱ्यात पहाटे पारा दहा-बारावर आला तरी आपण हुडहुडतो, घड्याळाला ते जाणवतही नाही, त्यातून ते अंगाच्या उबेला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण पडतात त्या पहाटे गेलात तरी बाहीत असलं की पुरे. बॅटरी लवकर उतरत असेल तर बाहीच्या घासण्याने पडदा सारखा उजळतोय का, ते आधी बघा. उलट उष्णतेला जपा. परतताना रस्त्याकडेच्या शेकोटीवर हात शेकायचे तर घड्याळाचा हात मागे ठेवायचा. बंबाच्या कडक पाण्याने आंघोळ करताना ते काढून ठेवायचं. ‘पाण्यात चालतं’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी त्यात वाफ आणि साबण धरलेले नसतात.

पावलं कमी भरतात अशी तक्रार तुम्ही केली नाहीत, पण येईल. हात शालीत किंवा खिशात घालून चाललं की हात हलत नाही आणि घड्याळ बरीच पावलं सोडून देतं. आबांनी फेरी पूर्ण केलीय, एवढं आपल्याला माहीत आहे. आकडा गाठायला पुन्हा बाहेर पाठवू नका.

कातडीचंही बघा. थंडीत ती कोरडी पडते, आपण खोबरेल नाहीतर कोकमाचं तेल चोळतो, आणि ते घड्याळाच्या पाठीला चिकटून प्रकाश अंधूक करतं. घड्याळाखालची जागा चालण्याआधी कोरडी ठेवा, तेल परतल्यावर. पाठ रोज मऊ कोरड्या फडक्याने पुसा. बाहीत घाम मुरून लाल चट्टा उठला, तर दोन दिवस हात बदला.

आता सासूबाईंची गोष्ट. चालणं बंद करा हे त्यांचं म्हणणं मी मान्य करणार नाही, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. पण त्यांची भीती खरी आहे. जी थंडी मनगटातलं रक्त आत ओढते, तीच साऱ्या अंगातल्या वाहिन्या आकसवते, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके थंडीत वाढतात हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. अँजिओप्लास्टी झालेल्या ६८ वर्षांच्या माणसाने मार्गशीर्ष-पौषाच्या काळोखात साडेपाचला एकदम गडाच्या चढाला लागणं मला धोक्याचं वाटतं. साडेपाचचे साडेसात करा. उन्हं रस्त्यावर येऊ द्या. आधी घरातच दहा मिनिटं, स्वेटर-कानटोपी घालून, हातपाय मोकळे करा, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसा. तेव्हाच घड्याळात चालण्याची नोंद सुरू करा, म्हणजे उबदार मनगटावर त्याला नाडी सापडते आणि बाहेर पडल्यावरही बहुधा टिकते. पहिली पंधरा मिनिटं सपाटीवर, मग चढ. आणि या थंडीत चढ किती करायचा, हे पुढच्या तपासणीत त्यांच्या डॉक्टरांना विचारा. हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, घड्याळाचाही नाही आणि माझाही नाही.

तपासणीला जाताना आणखी एक विचारा. अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना ठोके आवरणारी गोळी चालू असते. आबांना असेल, तर घड्याळात वयावरून काढलेली ‘व्यायामाची पातळी’ त्यांना लागू पडत नाही. २२० मधून वय वजा करून जास्तीत जास्त ठोके काढायचे, तो हिशोब त्यांच्यासाठी चुकीचा. ही पातळी दाखवणारे रंगीत पट्टे त्यांनी बघू नयेत. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे; वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला, की वेग कमी करायचा.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवा. आकडा विचित्र आहे पण माणूस ठीक आहे, तर थांबा, हात गरम करा, बोटांनी मोजा. बोटांनीही तसाच आला आणि दहा मिनिटं बसूनही उतरला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आकडा अगदी झकास आहे पण आबांना छातीवर दडपण येतंय, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येतेय, गारठ्यात घाम फुटतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर घड्याळाकडे बघायचंही नाही. जागीच बसायचं, १०८ लावायचा. हृदयविकाराचा झटका ही घड्याळं ओळखू शकत नाहीत, ईसीजी काढणारी घड्याळंसुद्धा नाहीत. ‘ठोके तर ७८ आहेत, काही नाही’ असं म्हणून कुणी घरी चालत यायला निघू नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती स्वेटरच्या आतल्या खिशात हवी, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात नको.

शेवटी त्या मंगळवारबद्दल. मेसेज गेला तो पुण्याला, एकशेदहा किलोमीटरच्या आसपास लांब असलेल्या माणसाला, आणि तुम्ही होतात दहा मिनिटांवर. मिस्टरांनी घड्याळ लावून देताना स्वतःचा नंबर टाकला असेल, प्रेमाने टाकला असेल. शनिवारी ते आले की यादीत पहिलं नाव तुमचं घालून घ्या, दुसरं आबांच्या बरोबर गडावर चालणाऱ्या एखाद्या सोबत्याचं, आणि तिसरं पुण्याचं.